क्रेनवाल्याचा कोरा चहा

बंदरालगतच्या त्या चहाच्या गोदामात वरच्या मजल्यावर एक लांबलचक खोली होती. तिला उत्तरेकडून मोठमोठ्या खिडक्या, कारण चहाचा रंग बघायचा तर ऊन नको, नुसता उजेड हवा. खिडक्यांखाली भिंतभर ओटा, ओट्यावर पांढऱ्याशुभ्र कपांची रांग, आणि त्या रांगेपुढून रोज सकाळी एक बाई चमचा घेऊन चालत जायची. चमचाभर चहा घ्यायचा, असा जोरात भुरका मारायचा की तो जिभेवर, टाळ्यावर, पार नाकाच्या मुळापर्यंत फवाऱ्यासारखा उडाला पाहिजे, क्षणभर तोंडात घोळवायचा आणि थुंकायचा. की पुढचा कप. गोदामातली माणसं तिला टेस्टरबाई म्हणायची. नव्याने कामाला लागलेला माणूस पहिल्या दिवशी तो आवाज ऐकून हमखास विचारायचा, "वर पाइप फुटलाय का हो?"

काम ऐकायला मजेचं, करायला जिकिरीचं. सिलोनचा चहा म्हणजे काही एक चहा नव्हे. उंच डोंगरांवरच्या मळ्यातला फिका, सोनेरी, जिभेला चिमटा काढणारा. खालच्या उतारांवरचा काळपट लाल, भरदार, घोट घेतला की तोंडभर ठाण मांडणारा. मधल्या मळ्यांतला मधल्या स्वभावाचा. त्यात कोरड्या वाऱ्याच्या दिवसांतली तऱ्हा वेगळी, ओल्या दिवसांतली वेगळी, आणि पत्ती वाळवताना कुणाला डुलकी लागली असेल तर त्या डुलकीचीही चव वेगळी. या सगळ्या भानगडीतून टेस्टरबाईला एकच गोष्ट साधायची असायची. कंपनीचा लाल पुडा गेल्या वर्षी लागत होता तसाच या वर्षी लागला पाहिजे. मळे बदलोत, हवा दगा देवो, पिणाऱ्याला पत्ता लागता कामा नये.

"माझं काम कुणाच्या लक्षात आलं," ती म्हणायची, "की समजायचं मी चुकले."

तिचं लग्न जमलं ते मात्र भांडणातून.

तेव्हा ती नवीनच होती. जहाजातून चहाची खोकी उतरत होती आणि वरचा क्रेनवाला ती अशी आपटत होता की एकाची फळी फुटून चांगला उंचावरचा चहा धक्क्यावर सांडला. टेस्टरबाई खिडकीतून बघत होती. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती तडक खाली धावली, क्रेनखाली उभी राहिली आणि हात वर करकरून ओरडायला लागली, "अरे ए! डोळे फुटले का तुझे? ए वरच्या!" वर काचेच्या केबिनमध्ये एक माणूस दिसत होता. त्याने खाली पाहिलं आणि आनंदाने हात हलवला. ती आणखी ओरडली. त्याने दोन्ही हात हलवले. धक्क्यावरचे हमाल पोट धरून हसत होते.

जेवणाच्या सुट्टीत तो खाली उतरला आणि गोदामाच्या दारात येऊन अदबीने म्हणाला, "मघाशी आपण काही म्हणत होता. वर ऐकू येत नाही."

"शिव्या देत होते," ती म्हणाली.

तो जरा विचारात पडला. "मग मी इतका वेळ हात हलवत होतो तो शिव्यांना?"

तिला हसू आवरलं नाही. पुढे दोघांचं सूत जुळलं, लग्न झालं, आणि 'अरे ए'चं 'अहो' झालं. हमाल म्हणायचे, बाईंनी वरच्यालाच खाली उतरवलं. त्याला सगळे 'वरचा'च म्हणत. कुठलं जहाज कधी रिकामं होणार असं विचारलं, की हमाल आभाळाकडे बोट दाखवायचे, "वरच्याच्या मनात असेल तेव्हा."

क्रेनवाला चहाबाज होता, पण चहातला दर्दी वगैरे मुळीच नव्हता. त्याला कोरा चहा लागायचा, दूध नाही, साखर बेताची, आणि तो दिवसभर लागायचा. सकाळी उठल्यावर एक मोठा कप, मग थर्मास भरून वर केबिनमध्ये. तिथे एका हातात दांडा, दुसऱ्या हातात थर्मासचं झाकण, नजर खालच्या साखळीवर. चहाकडे लक्ष द्यायला त्याला सवड कुठली! "आणि जपून प्यावा लागतो," तो सांगायचा, "प्रत्येक घोटाला खाली मोरीपर्यंत उतरायची ती शिडी आठवते."

टेस्टरबाई घरचा चहा मोठ्या निगुतीने करायची. नळाचं ताजं पाणी, एकदाच खळाखळा उकळलेलं. चिनी मातीची किटली आधी गरम पाण्याने विसळून घेतलेली. पत्ती टाकली, पाणी ओतलं, झाकण ठेवलं की मग त्याला हात लावायचा नाही, ढवळायचं नाही, घाई करायची नाही. एवढं सगळं करून कप पुढे ठेवला, की क्रेनवाला एका घोटात अर्धा करून विचारायचा, "माझे मोजे कुठे आहेत?"

"कसा झालाय?" सुरुवातीला ती विचारायची.

"काय?"

"चहा!"

"चहा होय? असतो तसा. रंगीत पाणी ते, त्याला काय व्हायचंय?"

सुरुवातीला ती चिडायची. पण पुढे तिच्या ध्यानात आलं की हा माणूस म्हणजे घरात बसलेलं सोनं आहे. गोदामातले सगळे जण चहा चाखत होते, पीत कुणीच नव्हतं. चाखणारा माणूस कपाशी कुस्ती खेळतो. लाल पुडा मात्र कामाच्या घाईत, भांडणात, पेपर वाचताना, मुलांना शाळेत पाठवताना पिणाऱ्या माणसांसाठी होता. तेव्हापासून कुठलंही नवीन मिश्रण जमलं, की ती त्याची पुडी घरी आणायची आणि अवाक्षर न बोलता सकाळी त्याचा चहा नवऱ्यापुढे ठेवायची. तो मोजे, पाऊस, बोनस, शेजाऱ्याचं कुत्रं यांवर बोलत कप रिकामा करून निघून गेला, की मिश्रण पास. त्याने घोट घेऊन कपात डोकावून पाहिलं, की नापास.

एका वर्षी डोंगरावरच्या एका मळ्याचा माल असा उतरला होता की खोलीत नुसता कप भरला तरी फुलं ठेवल्यासारखं वाटायचं. ती हरखून गेली. लाल पुड्यात तो जरा सढळ हाताने घालावा असं तिच्या मनात आलं. सकाळी तिने तो चहा केला. क्रेनवाल्याने घोट घेतला, थांबला, कपात पाहिलं.

"हा कुणाचा?" त्याने विचारलं.

"कुणाचा म्हणजे? तुमचाच."

"नाही गं. पाहुण्यांचा वाटतो."

तिने तो माल दुसऱ्या महागाच्या डब्यासाठी राखला. लाल पुडा होता तसाच राहिला. गावातल्या निम्म्या घरांत रोज जो चहा होत होता, तो खरं तर एका माणसाच्या न बोलण्यावर बेतलेला होता, आणि त्या माणसाला याचा गंधही नव्हता. एकदा तिने त्याला हे सांगून टाकलं. तो खो खो हसला. "म्हणजे मी तुझा उंदीर की काय? औषधं देऊन बघतात तसला?"

"मांजर म्हणा. आयतं पिता आणि उपकार कुणाचे मानत नाही."

मुलगा झाला, शिकला, नोकरीसाठी दूरच्या शहरात गेला. घर पुन्हा दोघांचं झालं. पोरंबाळं जाऊन घरं रिकामी झाली की नवरा-बायको एकमेकांच्या अंगावर वसकन यायला लागतात म्हणे. यांचं तसं झालं नाही. सकाळी किटली, कप, मोजे आणि खिडकीतून दिसणारी क्रेन. बरं चाललं होतं.

मग क्रेनवाल्याचा आवाज बसला.

वर केबिनमध्ये सगळा कारभार हातवाऱ्यांचा, त्यामुळे बरेच दिवस कुणाला काही वाटलं नाही. समुद्राचा वारा, धूळ, सर्दी, असं म्हणत त्याने गुळण्या केल्या. पुढे गिळताना दुखायला लागलं. टेस्टरबाईने त्याला जवळजवळ बखोटीला धरून हॉस्पिटलात नेलं. तपासण्या झाल्या, आणि ज्या आजाराचं नाव घरात कुणी मोठ्याने घेत नाही तो घशात निघाला. डॉक्टरीणबाई स्पष्ट बोलणाऱ्या होत्या, पण मायेच्या होत्या. त्या म्हणाल्या, गळ्याला किरणांचा शेक द्यावा लागेल, बरेच आठवडे. तोंड सोलवटेल, लाळ आटेल, चव जाईल.

"परत येते का चव?" टेस्टरबाईने विचारलं.

"काहींची येते. सगळ्यांची नाही."

बाहेर आल्यावर क्रेनवाला घोगऱ्या आवाजात म्हणाला, "जीव जगेल का ते विचारायचं सोडून तू चवीचं काय विचारलंस?"

पहिला प्रश्न विचारायची तिची छाती झाली नव्हती, म्हणून तिने दुसरा विचारला होता. त्यालाही ते कळलं असावं. त्याने तिच्या पाठीवर हात ठेवला आणि दोघं बसची वाट बघत उभी राहिली.

शेक सुरू झाला. काही दिवसांतच गळ्याची कातडी काळवंडली आणि तोंड आतून लालबुंद झालं. अशाच एका सकाळी त्याने कपातला घोट घेतला, सावकाश गिळला आणि कपात पाहिलं. टेस्टरबाई हातातलं टाकून जवळ आली.

"काय झालं?"

"पाणीच झालं की गं खरोखर," तो म्हणाला. "रंगीत पाणी." आणि हसायचा प्रयत्न केला.

दुसऱ्या दिवशी चहा लोखंडासारखा लागला. त्यानंतर काहीच लागेना. भात कापसासारखा, सूप कोमट पाण्यासारखं, चहा कशासारखाच नाही. खाणंपिणं म्हणजे त्याला शिक्षा झाली. पण बाकी कशाचं त्याला फारसं वाटलं नाही, चहाचं वाटलं. सकाळ झाली तरी सकाळ झाल्यासारखी वाटत नाही, असं तो म्हणायचा.

टेस्टरबाईने मग कंबर कसली. सगळा जन्म चहात गेला, कुठल्या मळ्याच्या कुठल्या बाजूच्या उतारावर पत्ती खुडली हे सांगणारी जीभ तोंडात, आणि आपल्या माणसाला एक कप लागू नये? तिने खालच्या मळ्यांतला दाट, काळा चहा करून पाहिला. नाही. थंड पाण्यात रात्रभर पत्ती भिजवून पाहिली. नाही. साखर वाढवली, कमी केली, चिमूट मीठ घातलं. नाही, नाही. तो प्रत्येक वेळी शहाण्या मुलासारखा घोट घ्यायचा आणि मान हलवायचा. कधी ठसका लागायचा, मग ती पाठ चोळत बसायची.

एके दिवशी गोदामात चमचा हातात घेऊन उभी असताना तिला एकदम सुचलं. चव जिभेला कळते. पण तुरटपणा हा काही धड चवीतला नव्हे. कच्चं केळं खाल्लं की सगळं तोंड आवळून येतं, तसा तो तोंडाच्या कातडीला कळतो. यांची जीभ गेली असेल, कातडी तर आहे! तिला इतका आनंद झाला की तिने पुढचे कप तसेच ठेवले. उंचावरच्या मळ्यांतले, कोरड्या वाऱ्याच्या दिवसांतले, सगळ्यांत तुरट असे चहा तिने निवडून काढले, पुनःपुन्हा चाखून त्यांचं मिश्रण केलं. गोदामाच्या साहेबांना तिच्या घरचं माहीत होतं. ते म्हणाले, "न्या बाई, हवा तेवढा न्या. वरच्याला म्हणावं, आम्ही वाट बघतोय."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने तो चहा नेहमीपेक्षा जास्त वेळ मुरू दिला, कोमट केला आणि त्याच्या हातात कप दिला. त्याने घोट घेतला. त्याचे डोळे मिटले, कपाळाची शीर वर आली, डोळ्यांच्या कडांना पाणी आलं.

"लागला?" तिने विचारलं.

त्याने डोळे उघडून तिच्याकडे पाहिलं. चांगलं बराच वेळ पाहिलं.

"झकास झालाय," तो म्हणाला.

ती ओट्याला टेकून लहान मुलीसारखी रडली आणि रडता रडता हसली. मग तिने मुलाला फोन लावला. "अरे, बाबांना चहा लागला! हो हो, आत्ता. झकास म्हणाले! तू विश्वास ठेवणार नाहीस, झकास म्हणाले!" क्रेनवाला दारातून बघत होता. कप त्याने सगळा संपवला.

त्यानंतर रोज सकाळी तो स्वतःहून म्हणायचा, "तो कालचाच दे." ती द्यायची. तो घोट घ्यायचा, डोळे मिटायचा, "वा" म्हणायचा. कधी "फक्कड", कधी "आज तर कालच्यापेक्षा सरस". ती गोदामात उडत जायची. चहावाचून दुसरं काही त्याच्या घशाखाली धड उतरत नव्हतं, तो वाळत चालला होता, अंथरुणातून उठताना त्याला आधार लागत होता. पण चहा लागत होता ना? मग बाकीचंही हळूहळू लागेल. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात. तिची काडी म्हणजे तो कप होता.

तपासणीच्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी त्याच्या तोंडात टॉर्चचा उजेड टाकला आणि त्यांच्या भुवया आक्रसल्या.

"हे काय? शेक थांबून इतके दिवस झाले, एव्हाना जखमा भरत यायला हव्या होत्या. तिखटबिखट देता का यांना?"

"छे हो," टेस्टरबाई म्हणाली. "पातळ भात, सूप. आणि चहा."

"कसला चहा?"

तिने सांगितलं. अभिमानाने सांगितलं. तुरटपणा कातडीला कसा कळतो, मळे कसे निवडले, किती वेळ मुरवला, सगळं. डॉक्टरीणबाई ऐकत राहिल्या. मग त्यांनी टॉर्च विझवला आणि खुर्ची जवळ ओढली.

"बाई," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या, "त्यांच्या तोंडात कातडी राहिलेली नाहीये. सगळं उघडं आहे. त्यावर तुम्ही म्हणता तसा चहा म्हणजे ताज्या जखमेवर रोज तुरटी फिरवल्यासारखं. आग आग होत असणार."

क्रेनवाला छताकडे बघत होता.

डॉक्टरीणबाईंनी दुसरंही सांगितलं, की आजार घशातच थांबलेला नाही, छातीत उतरलाय, आणि आता जे करायचं ते त्रास कमी करण्यासाठी. टेस्टरबाईने ते ऐकलं, मान हलवली, औषधांची पिशवी घेतली. पण बाहेर बाकावर बसल्यावर तिच्या तोंडून पहिल्यांदा निघालं ते एवढंच, "का नाही सांगितलंत?"

बोलायचंही त्याला दुखत होतं.

"तू फोनवर हसत होतीस," तो म्हणाला. "किती दिवसांनी."

"म्हणून रोज प्यायचा? आग सोसून?"

"एकच तर कप."

"अहो, सगळ्या जन्मात तुम्ही माझ्या चहाला कधी चांगलं म्हणालात का?" तिचा आवाज फुटला. शेजारच्या बाकावरची माणसं बघायला लागली, तिला त्याचं भान नव्हतं. "कधीच नाही! झकास म्हणालात तेव्हाच मला कळायला हवं होतं. लागला असता तर तुम्ही मोजे मागितले असतेत!"

"मलाही तसंच वाटलं," तो म्हणाला. "वाटलं, ही लगेच ओळखणार." तो थांबला, ओठ ओले केले. "मग वाटलं, नको ओळखूस."

ती त्याच्या गुडघ्यावर डोकं टेकून बसून राहिली. त्याने तिच्या केसांवरून हात फिरवला. त्या हाताला आता वजन राहिलं नव्हतं.

घरी आल्यावर तिने ती पुडी उचलून केराच्या डब्यात रिकामी केली. त्या दिवसापासून त्याला कोमट पाणी, चमच्याने. चहा करायचा नाही असं तिने ठरवलं, पण तिसऱ्या-चौथ्या सकाळी तोच म्हणाला, "किटलीचा आवाज नाही आला."

"कुणासाठी ठेवू?"

"तू पी. इथे बसून पी. मी बघतो."

तिने कप आणला आणि पलंगाशी बसली. घोट जाईना. तो म्हणाला, "असा नाही. ऑफिसातल्यासारखा. भुरका मार."

घरात भुरके मारायला त्याचीच बंदी होती. तिने मारला. खोलीभर तो फुर्रर आवाज घुमला आणि त्याचे खांदे आवाज न करता हसायला लागले. "आता सांग," तो म्हणाला, "काय काय लागतं ते."

मग रोज सकाळचा तोच उद्योग झाला. ती गोदामातून वेगवेगळे चहा आणायची, त्याच्यापुढे करायची, भुरका मारायची आणि सांगायची. हा बघा, हा आधी जिभेच्या टोकाला चावतो आणि मग पळून जातो, चोरासारखा. हा खालचा, हा दार उघडून सरळ आत येतो आणि चप्पलही काढत नाही. ह्याच्यात ओल्या लाकडाचा वास आहे, वाळवताना कुणाचंतरी लक्ष नव्हतं. या सगळ्या गोष्टी ती इतकी वर्षं कपांच्या रांगेपुढे एकटी मनाशी म्हणत आली होती. घरी कधी बोलली नव्हती, कारण ऐकणाऱ्याला मोजे हवे असायचे. आता तो डोळे मिटून ऐकायचा. मध्येच म्हणायचा, "चोराचं परत सांग."

एका सकाळी त्याने विचारलं, "आणि आपला? लाल पुडा? तो कसा लागतो?"

तिने तो केला. घोट घेतला. तोंडात घोळवला. दुसरा घेतला. आतापर्यंत कुठल्याच चहापुढे तिचे शब्द अडले नव्हते, पण इथे ती नुसती कप घेऊन बसली.

"सांगता येत नाही," ती म्हणाली. "रोजच्यासारखा लागतो."

त्याने मान हलवली. "तोच," तो म्हणाला. "तोच हवा होता."

त्याच आठवड्यात, दुपारी, शेजारच्या वहिनी येऊन बसल्या होत्या आणि टेस्टरबाई त्याची उशी बदलत होती, तेव्हा तो गेला. उशी बदलून झाल्यावर तिने विचारलं, "आता ठीक आहे?" आणि उत्तर आलं नाही.

मुलगा आला, चार दिवस राहिला, गेला. टेस्टरबाई कामावर परत रुजू झाली. लोकांना वाटलं होतं, बाईंची जीभ आता गेली. एवढ्या दुःखात कसली चव कळते? पण तसं काही झालं नाही. जीभ शाबूत होती. पहिल्याच दिवशी तिने ओळखलं, की एका मळ्याच्या खोक्यांना जहाजात दमट हवा लागलीय. मन मोडलं तरी जिभेला त्याचा पत्ताच नव्हता. ती आपली नेकीने काम करत राहिली, आणि याचाच टेस्टरबाईला फार राग यायचा. धक्क्यावर खोकी आपटल्याचा आवाज झाला की ती खिडकीशी जायची. केबिनमध्ये दुसराच कुणी असायचा, तरणाबांड, आणि तो खाली बघायचा नाही.

नवीन माल आला तेव्हा लाल पुड्याचं मिश्रण पुन्हा जुळवायची वेळ आली. तिने जुळवलं, पुडी घरी आणली, सकाळी चहा केला. मग त्याच्या खुर्चीत बसून, पेपर उघडून, मुद्दाम दुसऱ्याच कशाचा तरी विचार करत तिने तो प्यायचा प्रयत्न केला. जमेना. एकेक मळा जिभेवर नाव सांगत होता. दुसऱ्या दिवशी जमेना, तिसऱ्या दिवशीही नाही. ती साहेबांकडे गेली आणि म्हणाली, लाल पुडा दुसऱ्या कुणाकडे द्या.

"बाई, तुमच्या जिभेवर आमचा डोळे झाकून विश्वास आहे," साहेब म्हणाले.

"जिभेचं काम नाहीये ते," ती म्हणाली, आणि त्यापुढे तिला काही समजावता आलं नाही. साहेबांनी एका तरुण टेस्टरला ते काम दिलं. लाल पुडा अजून खपतो. ती स्वतः तो घरी आणत नाही. ऑफिसात दिवसभर चाखते आणि थुंकते, घरी पाणी पिते.

पुढच्या वर्षी मुलगा सुट्टी घेऊन आला. आई वाळलीय हे त्याला दिसत होतं, पण विचारायचं कसं हे सुचत नव्हतं. तोही बापासारखाच, मनातलं ओठांवर न येणारा. जायच्या दिवशी तो लवकर उठला. टेस्टरबाईला स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज आला. ती उठून गेली तर मुलगा पातेल्यात पत्ती टाकून चमच्याने गदागदा ढवळत होता. कपाटात मागे पडलेला जुना लाल पुडा त्याने शोधून काढला होता.

"तू बस, आई," तो म्हणाला.

ती बसली. त्याने कप पुढे ठेवला. चहा काळाकुट्ट झाला होता, वर पत्ती तरंगत होती. तिने घोट घेतला, गिळला.

"कसा झालाय?" मुलाने विचारलं. "खरं सांग."

"पत्ती टाकलीस तेव्हा पाणी उकळलं नव्हतं," ती म्हणाली. "झाकण ठेवलं नाहीस. मग रंग उतरेना म्हणून मागाहून उकळलास. आणि इतकं ढवळायचं नसतं रे."

"बरं," तो ओशाळून हसला. "उद्या नीट करतो."

"उद्या तू नसशील," ती म्हणाली.

तिला वाटलं, असं बोलायला नको होतं, पोराला जड जाईल. पण बोलून झालं होतं. मग तो तिच्याशेजारी जमिनीवर बसला, आणि वडील गेल्यापासून पहिल्यांदा दोघं एकत्र रडली. कपातला चहा निवून गेला.

दुपारी ती त्याला स्टँडवर पोचवून आली. पातेलं शेगडीवर तसंच होतं, तळाशी फुगलेली पत्ती. तिने ती काढून टाकली, पातेलं घासलं आणि ओट्यावर पालथं घातलं.